मागावे कधी, थांबावे कधी?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्याकडे लहानपणापासून एक शिकवण मिळते: कुणापुढे हात पसरू नये. गुंजवण्यापासून वेल्ह्यापर्यंत आणि तिथून खाली भोरपर्यंत कुठल्याही घरात जा, आजीच्या तोंडी हे वाक्य असतेच. डोंगरातली शेती, पावसावरचे भात, चार महिने राबायचे आणि आठ महिने काटकसर करायची. अशा ठिकाणी माणसाजवळ स्वाभिमानाखेरीज मिरवायला फारसे काही नसते. म्हणून मिंधे होऊ नये, उसने घेऊ नये, घेतलेच तर लवकरात लवकर फेडून मोकळे व्हावे, ही आपली रीत. ती चांगलीच आहे.

पण त्याच घरातल्या देव्हाऱ्यात ज्याची तसबीर असते, तो आपला देव काय करतो? परंपरा सांगते की दत्तमहाराज रोज काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि माहूरगडावर निद्रेला जातात. त्रैलोक्याचा स्वामी, पण दुपारी खांद्याला झोळी लावून दारात उभा! आपण त्या झोळीला नमस्कार करतो आणि नातवाला मात्र सांगतो, हात पसरू नकोस. हे दोन्ही एकाच घरात कसे बसते, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. शेवटी असे वाटले की यात विरोध नाही. भिकेला नियम नसतात, भिक्षेला असतात. ते नियम कोणते हे पाहावे, आणि अगदी आजच्या एका अडचणीला लावून पाहावे, म्हणून हा लेख.

आमच्या वेळी खोऱ्यातला मुलगा बी.कॉम. झाला की गावात पेढे वाटले जात. बँकेत चिकटला की घराचे कल्याण झाले असे मानत. आता काळ पुढे गेला. राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांतली मुलेमुली पुण्याला जाऊन एम.ए., एम.एस्सी. करतात आणि त्यातली काही पीएच.डी.ला नाव नोंदवतात. घरातले कुणीही याआधी विद्यापीठाची पायरी चढलेले नसते. आईवडिलांना अभिमान असतो, पण पोर नेमके काय करते ते सांगता येत नाही. "लई मोठं शिकतीय," एवढे सांगून थांबतात.

कॉलेजपर्यंत सगळे सरळ असते. प्रश्न सर घालतात, उत्तर पुस्तकात असते, अडलेच तर बाजारात गाइड विकत मिळते. संशोधनात गाइड म्हणजे पुस्तक नव्हे, हाडामासाचा माणूस. आणि उत्तर कुठेच छापलेले नसते. ते शोधायचे म्हणूनच तर नाव नोंदवलेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे एका प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त 8 विद्यार्थी असू शकतात, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4. म्हणजे मार्गदर्शकाचे लक्ष आधीच वाटले गेलेले. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तरी ती साधारण 5 वर्षांची: पहिली 2 वर्षे कनिष्ठ, पुढची 3 वरिष्ठ. नंतर पैसा बंद.

अशा जागी नवीन पोर अडले तर त्याने कधी विचारावे? पहिल्याच दिवशी विचारले तर "एवढंही येत नाही का?" सहा महिन्यांनी विचारले तर "इतके दिवस काय करत होतास?" दोन्हीकडून बोलणी. हा प्रश्न वरवर विद्यापीठाचा दिसतो, पण तो आपल्या सगळ्यांचा आहे. दुखणे अंगावर काढणारा म्हातारा, कर्जाचा खरा आकडा घरच्यांपासून लपवणारा शेतकरी, सासरचा त्रास माहेरी न सांगणारी लेक, यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो.

आमच्या भावकीतली एक मुलगी आहे. नाव सांगत नाही. भातखाचरातल्या मातीवर ती संशोधन करते. चार गावांची माती पावसाळ्यात ठरावीक दिवसांनी उचलायची आणि तिच्यातले नत्र मोजायचे, हे पहिल्या वर्षाचे काम. मोजमाप काही जुळेना. एकाच पिशवीतली माती आज मोजली तर एक आकडा, उद्या मोजली तर दुसरा. तिला वाटले, आपलाच हात चुकतोय. ती पुन्हा पुन्हा तेच करत राहिली. सर विचारत, "कसं चाललंय?" ती म्हणे, "चालू आहे, सर." असे तीन महिने गेले. मग एके दिवशी प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी तिला बाटली भरताना पाहिले. ते म्हणाले, "अगं पोरी, त्या यंत्राचं पाणी कुणीच घेत नाही. ते बिघडलंय. सगळे शेजारच्या विभागातून आणतात." ज्या शुद्ध पाण्याच्या भरवशावर ती मोजत होती, तेच शुद्ध नव्हते. ही गोष्ट तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती, लिहिलेली मात्र कुठेच नव्हती. तोवर पाऊस संपला होता, खाचरे वाळली होती. त्या हंगामाची माती आता पुढच्या वर्षीच.

दिवाळीला आली तेव्हा मी तिला विचारले, "बाई गं, कुणाला तरी विचारायचंस."

ती म्हणाली, "काका, सरांना वाटलं असतं, खेड्यातली आहे, हिला साधं मोजताही येत नाही."

यात तिचे काय चुकले असे म्हणायचे? ती आळशी नव्हती. उलट दुप्पट राबली. गर्विष्ठही नव्हती, तिच्याइतकी भिडस्त मुलगी शोधून सापडायची नाही. पण भिडस्तपणाकडे जरा नीट पाहिले तर काय दिसते? त्याच्या मध्यभागीही 'मी' च असतो. मला काय म्हणतील, मी कशी दिसेन. गर्विष्ठ माणूस म्हणतो, मला विचारायची गरज नाही. भिडस्त माणूस म्हणतो, मला विचारायचे तोंड नाही. दोघांचाही परिणाम एकच, काम खोळंबते. मातीला या दोघांतला फरक कळत नाही. म्हणून मला वाटते की विचारण्याची वेळ आपल्या लाजेने ठरवू नये आणि अभिमानानेही ठरवू नये. ती कामाने ठरवावी. आणि कामाने ठरवायची तर आधी हे पाहावे की झोळीत मागतोय काय. कारण प्रत्येक मागण्याची वेळ निराळी असते.

पहिले मागणे जागेचे. बसायला जागा, काम करायची परवानगी, लागणारे साहित्य. ही मदत नव्हे, हा हक्क आहे. तो मागायला थांबू नये. याचे आपल्या मराठी माणसांतले उदाहरण म्हणजे कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्जदार बाई होती. विशीतली मुलगी समोर, पलीकडे जगाने डोक्यावर घेतलेला शास्त्रज्ञ. कमलाबाई घरी परतून रडत बसल्या नाहीत. बंगळुरूला गेल्या, समोर उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करावे लागेल, आणि तुमच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. अटी अपमानाच्या होत्या. त्यांनी त्या पत्करल्या आणि काम करून दाखवले. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक शिस्तीचे कडक. त्यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर संशोधन करून 1936 मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली. त्यानंतर त्या संस्थेचे दार स्त्रियांना उघडले.

पुढची गोष्ट मला जास्त शिकवून जाते. रामन यांच्यासमोर ताठ उभी राहिलेली ही बाई केंब्रिजला गेली तेव्हा पुन्हा विद्यार्थिनी झाली. तिथे हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम. ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्या हाताखाली, आणि तेही वनस्पतींच्या पेशींवर, म्हणजे नव्याने धडे गिरवणे आले. तिथेच बटाट्यावर काम करताना त्यांना आढळले की पेशीच्या श्वसनाला लागणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशीतही असते. 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव घेतात. हक्क मागताना मान ताठ आणि शिकताना मान खाली, या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. स्वाभिमान म्हणजे न मागणे, असे जे आपण धरून चालतो ते इथे खोटे ठरते.

दुसरे मागणे माहितीचे. जी गोष्ट इतरांना ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, ती विचारायला एक-दोन दिवसांहून जास्त थांबू नये. चांगले पाणी कुठून आणायचे, यंत्र कोण दुरुस्त करतो, कुठला अर्ज कुठे द्यायचा. यात स्वतः शोधून काढण्यात काही पुण्य नाही. आमच्या पोरीचे तीन महिने इथेच गेले. आणि ही माहिती बहुधा मोठ्या सरांकडे नसतेच. ती शिपाईमामांकडे असते, एक वर्ष पुढे असलेल्या विद्यार्थ्याकडे असते, ग्रंथालयातल्या बाईंकडे असते. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यात पृथ्वी आहे, पाणी आहे, कबुतर, मासा, कोळी, हरीण, टिटवी आहे. पदवी एकाकडेही नाही! गुरू शोधताना खुर्ची पाहू नये, हे दत्तसंप्रदायातल्या माणसाला निराळे सांगायला नको.

आमच्या गावात राहणाऱ्याला हे रोज दिसते. शनिवार-रविवारी शहरातली पोरे राजगड चढायला येतात. गुंजवण्यातून चोरदरवाजाने पद्मावती माचीवर जाणारी वाट रानातून जाते, तिला मध्येच गुरांच्या वाटा फुटतात. शेवटच्या घराशी थांबून "आजी, वाट कुठली?" असे जो विचारतो त्याचे अर्धे मिनिट जाते. जो न विचारता पुढे जातो आणि अंधारात कड्याशी अडकून हाका मारतो, त्याच्यासाठी गावातल्या चार जणांना बॅटऱ्या घेऊन रात्री रान तुडवावे लागते. लवकर विचारणारा दुसऱ्याला त्रास देतो असे आपल्याला वाटते. खरा त्रास उशिरा विचारणाराच देतो.

तिसरे मागणे उत्तराचे. आता इथे मात्र थांबायला हवे. जो प्रश्न आपल्याला सोडवायला दिला आहे, त्याचे उत्तरच जाऊन मागायचे, हे बरे नाही. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये बाण करणारा कारागीरही आहे. तो बाणाचे टोक सरळ करण्यात इतका गढला होता की राजाची मिरवणूक वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला कळले नाही. तेही शिकण्यासारखे आहे. अडल्या क्षणी उठून दुसऱ्याकडे धावणारा कधी बाण सरळ करायला शिकणार नाही. थोडे अडणे, थोडे एकट्याने झुंजणे, हे त्या विद्येचे मोल आहे.

मग थांबायचे किती? याला मी बँकेतले उत्तर देतो, कारण माझी सारी हयात त्यात गेली. मी नोकरीला लागलो तेव्हा संगणक नव्हते. जाडजूड लेजर, हाताने बेरजा. दिवसअखेर बेरीज जुळली नाही की कुणी घरी जायचे नाही. पण जुळले नाही की लगेच ऑफिसरकडे धावायचे, असेही नव्हते. आधी काही तपासण्या ठरलेल्या असत. फरकाला 9 ने भाग जातो का पाहायचे. जात असेल तर बहुधा कुठेतरी आकडे उलटे पडलेत. 540 च्या जागी 450 लिहिले की फरक 90 चा. भाग जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची. जमेची नोंद नावे पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो. मग बेरजा पुन्हा मारायच्या. एवढे करूनही सापडले नाही तर मात्र त्याच संध्याकाळी ऑफिसरला सांगायचे. उद्यावर टाकायचे नाही. रोख रकमेतला फरक तर त्याच दिवशी नोंदवायचा असा दंडकच होता. आजचा फरक उद्याच्या व्यवहारात मिसळला की तो शोधणे दसपट अवघड होते.

आणि सांगायचे कसे? एक कारकून जाऊन म्हणतो, "साहेब, जुळत नाहीये." दुसरा म्हणतो, "साहेब, फरक 540 चा आहे. 9 ने भाग जातो. बचत खात्याची तीन लेजरं तपासली, चौथं राहिलंय." पहिल्याने आपले ओझे साहेबांच्या टेबलावर आणून टाकले. दुसऱ्याने साहेबांना कामात भागीदार करून घेतले. दोघांनीही मदतच मागितली. पण दुसऱ्याला साहेब खुर्ची ओढून "बस" म्हणतात, आणि पुष्कळदा तर असे होते की सांगता सांगताच त्याला चूक कुठे आहे ते सुचते. नव्या संशोधकाला माझे एवढेच सांगणे आहे. काय करायला गेलो, काय केले, काय झाले, कुठे अडले, हे चार ओळींत कागदावर लिहून काढ. लिहिता आले तर विचारायची वेळ झाली. लिहिता येत नसेल तर आणखी चार दिवस झगड. आणि चार दिवसांनीही लिहिता येत नसेल, तर "मला माझा प्रश्नच मांडता येत नाहीये," हाच प्रश्न घेऊन जा. तोही खराच प्रश्न आहे.

नीट मांडलेला प्रश्न कुठवर जातो याची एक गोष्ट सांगतो. 1908 च्या सुमारास मुंबईत एका दहाबारा वर्षांच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे हे त्याने हेरले. मामांची चिठ्ठी घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथले सचिव मिलार्ड यांना त्याने विचारले, हा कुठला पक्षी? त्या साहेबांनी पोराला हुसकले नाही. पक्षी ओळखून दिला आणि सोसायटीची पक्ष्यांची कपाटे त्याला उघडून दाखवली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे पन्नासेक वर्षांनी पुण्यातल्या एका शाळकरी मुलाला वेडा राघू दिसला, पण त्याच्या शेपटीतून पुढे येणारी बारीक पिसेच नव्हती. वडिलांनी सांगितले, सालिम अलींना पत्र टाक. त्याने टाकले. उत्तर आले की विणीचा हंगाम संपल्यावर ती पिसे गळतात, पुन्हा येतात. तो मुलगा म्हणजे माधव गाडगीळ, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचे चिरंजीव. दोन्ही मुलांनी आधी स्वतः डोळे उघडून पाहिले होते, म्हणून त्यांच्या प्रश्नात दम होता. आणि ज्याला एकदा प्रेमाने उत्तर मिळाले, त्याने पुढे दुसऱ्याला दिले.

याच गाडगीळांनी 1969 मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवली. परत आल्यावर त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर आपल्या सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या. देवराई कुणाची, तिच्यात काय तोडायचे नाही, कुठले झाड कशाला उपयोगी, हे कुठल्या विद्यापीठात शिकवतात? ते गावच्या गुरवाला, धनगराला, म्हाताऱ्याला विचारावे लागते. हार्वर्डची पदवी असली तरी विचारावेच लागते.

आता चौथे मागणे. याला वरचा एकही नियम लावू नये. झोप उडाली, अन्न जाईना, मन कशात लागेना, जगण्याचाच वीट आला असे वाटू लागले, तर चार ओळी लिहीत बसू नये आणि चार दिवस थांबू नये. त्याच घटकेला आईला, मित्राला, डॉक्टरला, जो जवळ असेल त्याला सांगावे. सरकारची टेलि-मानस सेवाही आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येते. हा क्रमांक आपण घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. म्हाताऱ्यांनाही तो लागू शकतो. खड्ड्यात पडलेल्याने आधी पोहून दाखवावे, असे कुठल्याच शास्त्रात सांगितलेले नाही.

यावर कुणी म्हणेल, मग आपल्या पोथीतल्या शिष्यांचे काय? गुरुचरित्राच्या सोळाव्या अध्यायात धौम्य ऋषींच्या शिष्यांच्या कथा आहेत. भाताच्या शेतात पाणी न्यायचे होते. दगडमातीने ते अडेना, म्हणून अरुणी स्वतःच प्रवाहात आडवा झाला. भातवाल्या आपल्या मुलखाला ही कथा समजावून सांगायला नको. भर पावसात खाचराचा बांध फुटला की काय होते ते आपण पाहिलेले आहे. अरुणी मदत मागायला गेला नाही. मग तो चुकला का? मला तसे वाटत नाही. वाहते पाणी निरोप जाईपर्यंत थांबत नाही. एका संध्याकाळपुरते ते बरोबरच होते. पण संशोधन म्हणजे एक संध्याकाळ नव्हे. पाच वर्षे कुणाला बांधावर आडवे पडून राहता येत नाही. एका प्रसंगाची निष्ठा आपण आयुष्यभराची पद्धत करून टाकतो, तिथे गडबड होते.

शिवाय ही कथा वाचताना आपण शिष्याकडेच पाहतो. गुरूने काय केले तेही पाहावे. संध्याकाळ झाली, शिष्य परतला नाही, म्हणून धौम्य स्वतः उठून शेतावर गेले आणि हाका मारत त्याला शोधून काढले. उपमन्यूही असाच. रुईच्या चिकाने आंधळा झाला, विहिरीत पडला. गुरू शोधत आले, हाक मारली, आणि त्याने आतून ओ दिली. काय घडले ते खरे खरे सांगितले. यात दोन्ही बाजूंची कामे आली. गुरूने सांज झाली की शोधायला निघावे. शिष्याने निदान हाकेला खरी ओ द्यावी. आजच्या नियमांतही दर सहामाहीला विद्यार्थ्याने संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहून काम कुठवर आले ते सांगायचे असते. ती हाकच आहे. तिथे "चालू आहे, सर" म्हणणे म्हणजे विहिरीतून "मी मजेत आहे" म्हणण्यासारखे. आणि जे मार्गदर्शक प्रश्न विचारणाऱ्याला चारचौघांत हसतात, त्यांनी धौम्यांची कथा पुन्हा एकदा वाचावी. एकदा हसलेल्या दारात पोर पुन्हा झोळी घेऊन येत नाही.

आता पुन्हा त्या झोळीकडे येऊ. घरची चूल निवल्यावर, माणसे जेवून उठल्यावर मग भिक्षेला जावे, अशी आपली जुनी शिस्त. म्हणजे देणाऱ्याची सोय पाहावी. एकाच घरी ठाण मांडू नये, चार घरी थोडे थोडे घ्यावे. अवधूताने हे मधमाशीपासून घेतले; ती फुलाला न दुखवता थोडासाच रस घेते. आणि साठवून ठेवू नये, हेही तिच्याकडूनच; साठवलेल्या मधापायी तिचाच नाश होतो. संशोधकाने हे असेच्या असे घ्यावे. सरांची घाईची वेळ पाहून जाऊ नये. सगळे एकालाच विचारू नये. आणि जे कळले ते मागून येणाऱ्याला सांगून टाकावे. आमच्या त्या पोरीने सुट्टीवरून परत गेल्यावर पहिले काम काय केले असेल? त्या बिघडलेल्या यंत्रावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: 'हे पाणी वापरू नये. शेजारच्या विभागातून आणावे.' तिचा हंगाम परत आला नाही, पण पुढच्या कुणाचा जाणार नाही.

राहिले आपण, घरी बसलेली म्हातारी माणसे. आपल्याला त्या विद्येतले काही कळत नाही, म्हणून आपण काय करू शकतो, असे वाटते. पण पोरांच्या मनात "हात पसरू नये" हे वाक्य आपणच पेरलेले आहे, तेव्हा त्याचा उरलेला अर्धा भागही आपणच सांगितला पाहिजे. पोर सुट्टीला येते तेव्हा आपण विचारतो, "झालं का? कधी संपायचं? पगार कधी सुरू होणार?" या प्रश्नांनी ते आणखी गप्प होते. त्याऐवजी ताटावर बसल्यावर सहज विचारावे, "काय अडलंय? कुणाला विचारलंस का?" आणि ते सांगू लागले तर, कळो न कळो, शेवटपर्यंत ऐकावे. न कळणाऱ्याला समजावून सांगतानाच पुष्कळदा आपली गाठ आपल्याला सुटते.

या दत्तजयंतीला पाळणा झाल्यावर, सुंठवडा हातात घेताना, झोळी लावलेल्या त्या मूर्तीकडे क्षणभर पाहावे. ज्याला कशाचीच गरज नाही, तो रोज मागायला निघतो. ज्यांना गरज आहे त्या आपल्या लेकरांना मागायची लाज वाटू नये, एवढे तरी आपण घरात बोलून ठेवू.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त!